३३७ टन कचरा जळाला. जमिनीखालच्या पाण्याचं काय?

२०२५ सालच्या पहिल्याच रात्री भोपाळहून १२ कंटेनर पोलीस बंदोबस्तात निघाले आणि सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला पोचले. आत होता युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा. पीथमपूरकरांनी कडाडून विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेलं, आधी थोडा थोडा कचरा जाळून चाचण्या झाल्या आणि जूनअखेरीस सगळा कचरा तिथल्या भट्टीत गेला. त्यानंतर 'चला, भोपाळचा प्रश्न एकदाचा मिटला' असं बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलं. माझ्या घरातही ऐकलं.

प्रश्न मिटलेला नाही, आणि का मिटला नाही हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. जाळलेला ३३७ टन कचरा म्हणजे कारखान्याच्या आवारातून गोळा करून गोदामात ठेवलेला माल. नागपूरची 'नीरी', म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० मध्ये या जागेचा अभ्यास केला होता. शुद्धीकरणाची गरज असलेली दूषित माती त्यांनी किती सांगितली? ११ लाख टन. म्हणजे जाळलेल्या कचऱ्याच्या तीन हजार पटींहून जास्त. शिवाय हा हिशेब फक्त मातीचा. तिच्याखालून वाहणारं पाणी त्यात धरलेलंच नाही.

वायुगळती एका रात्रीत झाली, म्हणून ती जगाला दिसली. जमिनीखालचं प्रदूषण त्या रात्रीच्या आधी सुरू झालं होतं आणि ते कुणाला दिसत नाही. भोपाळपुरतंच हे खरं आहे असंही नाही. कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्या, बोअरचं पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट कळायला हवी.

खाली तळं नाही, नदीही नाही

'बोअरला झरा लागला' असं आपण म्हणतो, त्यामुळे मनात चित्र उभं राहतं ते जमिनीखालच्या नदीचं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तसं काही नसतं. एक पातेलं घ्या, त्यात काठोकाठ वाळू भरा आणि वरून पाणी ओता. तांब्याभर पाणी सहज मावतं, कारण ते वाळूच्या कणांमधल्या फटींत जाऊन बसतं. जमिनीखालचं पाणी असंच साठलेलं असतं, मातीच्या, वाळूच्या, मुरमाच्या फटींत आणि खडकाच्या भेगांत. पाणी साठवणारा आणि ते विहिरीला देऊ शकणारा असा जो थर, त्याला जलधर म्हणतात.

जलधरातलं पाणी स्थिर नसतं. पाण्याच्या पातळीचा उतार जिकडे, तिकडे ते सरकतं. बहुतेकदा नदी-नाल्याकडे, नाहीतर जिथे जोरात उपसा चालू आहे त्या विहिरीकडे. फक्त सरकतं फार सावकाश. वाळूच्या थरात समजा ते दिवसाला वीतभर सरकलं, तर वर्षाला ऐंशी-पंचाऐंशी मीटर होतात आणि चाळीस वर्षांत तीन किलोमीटर. चिकणमातीत तेच पाणी वर्षभरात बोटभरसुद्धा सरकणार नाही.

वेगाची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं तिच्यावरच उभं आहे. नदीत घाण सोडली तर पुराने ती वाहून जाते, निदान दिसेनाशी होते. जलधरात गेलेली घाण पिढीभर त्याच गावाखाली रेंगाळते.

विष खाली उतरतं कसं

भोपाळचा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. तिथे 'सेविन' नावाचं कीटकनाशक बनायचं. उत्पादनातून निघणारा गाळ, वाया गेलेला माल आणि सांडपाणी आवारातच टाकलं जायचं. १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेला सांडपाणी उन्हात आटवण्यासाठी मोठी तळी बांधली, जवळपास १४ हेक्टरवर. तळाला प्लास्टिकचा कागद अंथरलेला. वरून उन्हाने पाणी आटवायचं आणि खाली विष अडवायचं काम त्या कागदावर सोपवायचं, अशी ती योजना. शेतकऱ्याला विचारा, शेततळ्याचा कागद किती वर्षं टिकतो. आणि शेततळ्यात तर नुसतं पाणीच असतं.

इथे एक शंका हमखास येते: माती पाणी गाळते ना? विहिरीचं पाणी म्हणूनच तर नितळ असतं. हो, माती गाळ अडवते, बरेचसे जंतूही अडवते. पण पाण्यात विरघळलेला पदार्थ गाळून वेगळा होत नाही. चहा कितीही दाट फडक्यातून गाळा, त्यातली साखर फडक्यात राहत नाही. काही रसायनं मातीच्या कणांना चिकटून बसतात हे खरं आहे, पण ती तिथे नष्ट होत नाहीत. दर पावसाळ्यात थोडी थोडी सुटत राहतात.

खाली गेल्यावर कोणतं रसायन कसं वागेल हे त्याच्या स्वभावावर ठरतं. क्षार आणि विषारी क्रोमियम पाण्यात विरघळून पाण्याबरोबर चालतात. पेट्रोल-डिझेल हलकं, ते पाण्याच्या पातळीवर तरंगतं, आमटीवरच्या तेलाच्या तवंगासारखं. सगळ्यात त्रासदायक गट तिसरा, पाण्यापेक्षा जड असलेल्या द्रावकांचा, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवायला वापरल्या जाणाऱ्या द्रवांचा. कार्बन टेट्राक्लोराइड त्यातलंच. सेविन बनवताना ते द्रावक म्हणून वापरलं जायचं आणि भोपाळच्या परिसरातल्या भूजलात पुढे ते सापडलं. पाण्याच्या दीडपटीहून जड असल्यामुळे हे द्रव पातळीवर थांबत नाही. पाण्यातून खाली बुडत जातं, वाटेत फटीफटीत थेंब अडकवतं, चिकणमातीच्या एखाद्या थरावर डबकं करून बसतं आणि तिथून वर्षानुवर्षं जरा जरा विरघळत राहतं.

'जरा जरा' म्हणजे किती, हा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात या रसायनाची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एक लिटर कार्बन टेट्राक्लोराइडचं वजन सुमारे १.६ किलो, म्हणजे १६० कोटी मायक्रोग्रॅम. त्याला ५ ने भागा: ३२ कोटी लिटर. एक बाटली रसायन, दहा हजार लिटरचे ३२ हजार टँकर भरतील इतक्या पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. आणि कारखान्यात ही रसायनं बाटलीने येत नसतात.

विषाचा हा साठा जिथे बसलेला असतो त्याला मूळ म्हणू. मुळापासून पाण्याच्या दिशेने लांबत जाणाऱ्या दूषित पाण्याला तज्ज्ञ 'प्लूम' म्हणतात. आपण पट्टा म्हणू. विझत आलेल्या धुनीचा धूर वाऱ्याच्या दिशेने लांब ओढला जातो, तसा. नुसत्या धुराशी झटून भागत नाही, खालची धुनी विझवावी लागते. भूजलाच्या सफाईतली निम्मी भांडणं या एका मुद्द्यावरची आहेत.

तपास: जमिनीच्या आत डोकावायचं कसं

न दिसणारी गोष्ट शोधायची, तर सुरुवात कागदांपासून होते. कारखान्यात काय बनायचं, कच्चा माल कोणता, टाक्या कुठे होत्या, गाळ कुठल्या खड्ड्यात जायचा. जुने नकाशे, जुनी हवाई छायाचित्रं आणि त्याहून मोलाचं म्हणजे जुने कामगार. 'त्या कुंपणापाशी आम्ही ड्रम रिकामे करायचो' हे एखाद्या निवृत्त कामगाराचं वाक्य लाखो रुपयांचं खोदकाम वाचवतं. हा टप्पा स्वस्त आहे आणि तरीही सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडेच होतं, असं मला वाटतं.

मग जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजतात. क्षारयुक्त पाण्यातून वीज सहज जाते, कोरड्या खडकातून जात नाही. त्यावरून खाली कुठे काय असावं याचा अंदाज येतो. त्यानंतर निरीक्षण विहिरी घेतात. या विहिरी पिण्याच्या पाण्यासाठी नसतात. बारीक व्यासाचा पाइप, ठरावीक खोलीवरच जाळी आणि त्याच्या वरचा भाग चिकणमातीने सीलबंद, म्हणजे नेमक्या त्याच थरातलं पाणी हाती लागतं. भूजल खात्याचे लोक त्यांना 'पिझोमीटर' म्हणतात.

पाणी कोणत्या दिशेने चाललंय हे कळायला अशा कमीत कमी तीन विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नसलेल्या. दोन विहिरींच्या पातळीवरून एवढंच कळतं की ही उंच आणि ती खाली. उतार नेमका कुठे हे तिसरी सांगते. तीन पायांवर टेबल टेकतं, दोन पायांवर टेकत नाही, तसंच हे. यातली किंवा आणखी एखादी विहीर कारखान्याच्या वरच्या बाजूला हवीच. पाणी आधीपासूनच खराब होतं, असा बचाव कारखाने नेहमी करतात, आणि त्याचं खरं-खोटं ती विहीर करते.

नमुना घेण्याचीही शिस्त असते. पाइपात साचून राहिलेलं पाणी आधी काढून टाकायचं, थरातलं ताजं पाणी येऊ द्यायचं. उडून जाणाऱ्या रसायनांसाठी काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडासुद्धा नको, कारण रसायन त्या बुडबुड्यात निघून जातं आणि अहवालात पाणी शुद्ध दिसतं. बाटली बर्फात ठेवायची. ती कुणी घेतली, कुणाच्या हाती दिली, कधी पोचली याची नोंद ठेवायची. न्यायालयात पुरावा टिकतो तो या नोंदीवर.

दोन अहवाल, दोन निष्कर्ष: मग खरं कोण?

भोपाळमध्ये नेमकं हेच झालं. २०१० च्या सरकारी अभ्यासाचा निष्कर्ष होता की मातीचं प्रदूषण मोठं आहे, पण भूजलाचं प्रदूषण मोजक्या विहिरींपुरतं आहे. त्याच्या आदल्याच वर्षी दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने कारखान्यापासून तीन किलोमीटरवरच्या पाण्यातही कारखान्याशी जुळणारी रसायनं सापडल्याचं सांगितलं होतं. पुढे २०१८ मध्ये लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासणीत ४२ वस्त्यांचं पाणी दूषित आढळलं.

सामान्य माणूस अशा वेळी म्हणतो, कुणीतरी खोटं बोलतंय. तसं असेलच असं नाही. कोणत्या विहिरी घेतल्या, किती खोलीवरून, पावसाळ्याआधी की नंतर आणि कोणती रसायनं शोधली, यावर उत्तर बदलतं. अंधाऱ्या गोदामात एकाने बॅटरी एका कोपऱ्यात मारली, दुसऱ्याने दुसऱ्या. म्हणून एका फेरीच्या नमुन्यांवर 'पाणी ठीक आहे' हा निर्वाळा कुणी दिला, तर तो मानू नये. पट्टा सरकत असतो. आज स्वच्छ असलेली विहीर पाच वर्षांनी त्याच्या वाटेत येऊ शकते. वर्षातून निदान दोनदा, अनेक वर्षं मोजत राहणं, यालाच तपास म्हणायचं.

दूषित पाणी उपसून टाकलं तर?

सगळ्यात साधा वाटणारा आणि जगभर सगळ्यात जास्त वापरला गेलेला उपाय हाच. विहिरी खणायच्या, पाणी उपसायचं, कार्बनच्या गाळणीतून किंवा दुसऱ्या प्रक्रियेतून शुद्ध करायचं आणि सोडून द्यायचं. याने पट्ट्याला लगाम बसतो, कारण उपसा चालू असला की पाणी गावाकडे जाण्याऐवजी उपशाच्या विहिरीकडे वळतं. पहिली काही वर्षं आकडेही झपाट्याने उतरतात.

मग ते अडतात. पंप बंद केला की पुन्हा चढतात.

असं का होतं ते आपल्याला स्वयंपाकघरात कळतं. मातीच्या माठात एकदा रॉकेल ठेवून बघा. नंतर तो माठ दहा वेळा धुवा, शेवटचं पाणी अगदी स्वच्छ येईल. त्यात पिण्याचं पाणी भरून ठेवा, सकाळी पुन्हा वास. कारण रॉकेल आतल्या पोकळीत उरलेलं नसतं, ते माठाच्या अंगात मुरलेलं असतं आणि तिथून हळूहळू बाहेर येत राहतं. जलधरातल्या चिकणमातीच्या थरांचं असंच होतं. तीस-चाळीस वर्षं विष त्यांच्यात मुरत गेलं. आजूबाजूच्या वाळूतलं पाणी आपण शुद्ध केलं की ते उलट बाहेर झिरपायला लागतं. मुरायला जितका काळ लागला, त्याहून जास्त काळ निघायला लागू शकतो.

कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावाचं उदाहरण बघा. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीने तिथल्या गॅसवाहिनीच्या केंद्रात गंज लागू नये म्हणून पाण्यात विषारी क्रोमियम घातलं आणि १९५२ ते १९६६ या काळात ते पाणी अस्तर नसलेल्या खड्ड्यांत सोडलं. १९८७ मध्ये ते बाहेर आलं, १९९६ मध्ये कंपनीने रहिवाशांना ३३.३ कोटी डॉलर दिले. म्हणजे घाण केली चौदा वर्षं, आणि सोडणं थांबवून जवळपास साठ वर्षं उलटली तरी सफाईचं काम संपलेलं नाही. पैशाची आणि तंत्रज्ञानाची कमतरता नसलेल्या देशातली ही गोष्ट आहे.

मग दुसरं काय करता येतं

उत्तर एक नाही, आणि एकाच उपायाने सगळं साफ करून देतो म्हणणाऱ्या ठेकेदारापासून जपून राहावं.

जमिनीतलं मूळ उथळ असेल तर माती खणून काढणं सगळ्यात खात्रीचं. पण खणलेली माती जाते कुठे? भोपाळचा ३३७ टन कचरा निस्तरायला केंद्राने १२६ कोटी रुपये दिले, म्हणजे टनाला सुमारे ३७ लाख. या दराने ११ लाख टन माती जाळायची म्हटली तर आकडा चार लाख कोटींवर जातो. शिवाय जाळून राख उरते, आणि तीही कमी नाही: भट्टीत चुना वगैरे मिसळावा लागल्यामुळे पीथमपूरला राखेचं वजन मूळ कचऱ्याहून जास्त भरलं. ती पुन्हा जमिनीतच पुरायची. पीथमपूरच्या लोकांचा राग मला म्हणूनच समजतो. एका गावचं विष दुसऱ्या गावाच्या पाण्याशेजारी नेऊन ठेवणं, याला सफाई म्हणावं का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. उरलेल्या एवढ्या मातीसाठी जागेवरच्या उपायांचा विचार करावाच लागेल.

जागेवरचे उपाय म्हणजे विषाला जमिनीतच गाठणं. त्यातला मला सगळ्यात आवडणारा लोखंडाच्या भिंतीचा. पट्ट्याच्या वाटेत आडवा चर खणायचा आणि त्यात लोखंडाचा चुरा भरायचा, लेथच्या दुकानात खाली पडलेला असतो साधारण तसा. पाणी त्यातून झिरपून पुढे जातं, लोखंड गंजत जातं आणि त्या गंजण्याच्या क्रियेतच क्लोरीनयुक्त द्रावकांचे रेणू मोडतात. विषारी क्रोमियमचं कमी विषारी, न विरघळणाऱ्या क्रोमियममध्ये रूपांतर होतं. पंप नाही, विजेचं बिल नाही. अट एवढीच, की पट्टा नेमका कुठून जातो हे माहीत हवं. नाहीतर भिंत एकीकडे आणि पाणी दुसरीकडे.

दुसरा मार्ग जिवाणूंचा. क्लोरीनयुक्त द्रावकांवर जगणारे जिवाणू जमिनीत असतात. त्यांना गूळ-मळीसारखं खाद्य पुरवलं की ते कामाला लागतात. हिंकलीत जमिनीत इथेनॉल सोडून जिवाणूंकडून क्रोमियम निवळवतात, आणि उपसलेलं पाणी चाऱ्याच्या शेतीला देऊन तेच काम मातीवर सोपवतात. पण जिवाणू अर्धवट थांबले तर मधल्या टप्प्यावर व्हिनाइल क्लोराइडसारखं, मूळ रसायनाहून घातक काहीतरी तयार होऊन बसतं. त्यामुळे इथेही मोजमाप सुटत नाही.

काही ठिकाणी काहीच न करता फक्त लक्ष ठेवणं हाही मान्य पर्याय आहे, जिथे पट्टा आक्रसत असल्याचं आकड्यांनी सिद्ध झालंय आणि वाटेत कुणाची विहीर नाही. आपल्याकडे मात्र 'लक्ष ठेवतो आहोत' याचा अर्थ पुष्कळदा फाइल बंद, असा होतो.

आपल्या काळ्या पाषाणात गणित आणखी अवघड

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या कातळावर वसलेला आहे. इथे पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडून सारखं सरकत नाही. वर मुरूम, मध्ये सच्छिद्र मांजऱ्या खडक, खाली घट्ट पाषाण, आणि पाषाणाला उभ्या-आडव्या भेगा. पाणी भेग धरून पळतं. त्यामुळे कारखान्याशेजारची विहीर ठणठणीत आणि अर्ध्या किलोमीटरवरची वास मारणारी, असं इथे होऊ शकतं. 'जवळची विहीर चांगली आहे, म्हणजे तक्रार खोटी', हा युक्तिवाद आपल्या खडकात चालत नाही.

'मग बोअर आणखी खोल मारू', हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. ते उलटं पडू शकतं. वरचा थर दूषित असताना त्यातून खाली सरळ भोक पाडलं आणि केसिंग नीट खालपर्यंत घातलं नाही, तर तोच बोअर वरचं विष खालच्या चांगल्या पाण्यात नेणारी नळी बनतो. कोरडे पडून उघडे राहिलेले बोअरही असेच. भेगांच्या खडकात एखादा बोअर पूर्ण सील करणं हे कधीकधी सफाईतलं पहिलं काम असतं.

पैसे कुणी भरायचे

इथे उदयपूरजवळच्या बिछडी गावाची गोष्ट सांगायलाच हवी. १९८० च्या दशकाअखेरीस तिथल्या एका औद्योगिक आवारात 'एच-आम्ल' बनायला लागलं. रंग बनवण्यासाठी लागणारा हा माल सगळाच निर्यातीसाठी होता. माल परदेशी गेला. मागे राहिला जवळपास अडीच हजार टन विषारी गाळ आणि प्रक्रिया न करता सोडलेलं सांडपाणी. विहिरींचं पाणी काळपट झालं, शेती गेली, लोक इतके पेटून उठले की जमावबंदी लावावी लागली. जानेवारी १९८९ मध्ये उत्पादन बंद पडलं. ते जेमतेम वर्षभर चाललं असेल.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नागपूरच्या नीरीने पाहणी करून सांगितलं की सुमारे ३५० हेक्टर जमीन बाधित आहे आणि सफाईला ३७ कोटी ३८ लाख रुपयांच्या आसपास लागतील. १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला: ज्याने घाण केली त्यानेच साफ करायची, आणि 'आम्ही काळजी घेतली होती' ही सबब चालणार नाही. भारतातल्या पर्यावरण कायद्यातला हा पायाचा दगड. पण कंपन्यांनी अर्जांमागून अर्ज करून रक्कम लांबवली, आणि २०११ मध्ये त्याच न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह ती भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. वर्षभराचं उत्पादन आणि बावीस वर्षांची लढाई. या सगळ्या काळात गावाखालचं पाणी न्यायालयाच्या तारखेसाठी थांबलेलं नव्हतं.

भोपाळमध्ये पेच आणखी मोठा. १९८९ ची ४७ कोटी डॉलरची तडजोड वायुगळतीच्या नुकसानभरपाईची होती. कारखान्याची जमीन १९९८ मध्ये राज्य सरकारकडे परत गेली, मूळ कंपनी २००१ मध्ये डाऊ केमिकलने विकत घेतली, आणि जमिनीखालच्या पाण्याची जबाबदारी कुणीच अंगावर घेतली नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम पहिल्यांदा लागू केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या ९० दिवसांत सविस्तर सर्वेक्षण. मग तज्ज्ञ संस्थेने सफाईचा आराखडा करायचा आणि जबाबदार ठरेल त्याने खर्च द्यायचा. तो सापडला नाही किंवा देऊ शकला नाही तर केंद्र आणि राज्याने. चौकट चांगली आहे, मी तिचं स्वागत करतो. तिच्यातली उणीव अशी की तपासाला मुदती आहेत, पण सफाई पूर्ण करायला नाही. आणि यादी जिल्ह्यातून वर जाणार असल्यामुळे गावाने तोंड उघडलं नाही तर गावाचं नाव त्यात येणं कठीण.

नळाचं पाणी दिलं की झालं ना?

नळ आधी द्यायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. भोपाळच्या बाधित वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच दिला होता. सफाईला दशकं लागतात आणि तहानेला तेवढा वेळ नसतो. पण नळ आला म्हणून खालचा पट्टा थांबत नाही. तो पुढच्या वस्तीकडे चाललेला असतो, जिथे अजून नळ नाही आणि जिथल्या लोकांना बातमीही नाही. भाजीपाल्याला, गुराढोरांना, बांधकामाला बोअरचंच पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं की लोक पुन्हा हापशावर जातात.

'आम्ही उकळून पितो' हेही पुष्कळ ऐकू येतं. उकळल्याने जंतू मरतात. पारा, क्रोमियम यांसारखे धातू मरत नाहीत. पाणी आटल्यामुळे त्यांचं प्रमाण उलट वाढतं. द्रावकं उकळताना उडतात खरी, पण उडून स्वयंपाकघराच्या हवेत जातात आणि चुलीपाशी उभी असलेली बाई ती श्वासातून आत घेते. घरगुती आरओ धातू आणि क्षार बऱ्यापैकी अडवतो, द्रावकांचे लहान रेणू मात्र सगळे अडवत नाही. त्यांना चांगला कार्बन लागतो आणि तो वेळच्या वेळी बदलावा लागतो. घरची गाळणी ही तात्पुरती छत्री आहे.

तुमच्या विहिरीची शंका आली तर

पहिली गोष्ट, चवीवर आणि वासावर जाऊ नका. पाण्याचा रंग-वास बदलला तर शंका घ्याच, पण बदलला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. लिटरला ५ मायक्रोग्रॅम जिभेला कळत नाही.

दुसरी, 'पाण्याची टेस्ट केली, ठीक आहे' यावर थांबू नका. नेहमीच्या तपासणीत आम्लता, क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू एवढंच बघतात. जे शोधलं नाही ते अहवालात येत नाही. शेजारचा कारखाना काय बनवतो ते आधी काढा: रंग, औषधं, मुलामा, कातडी, कीटकनाशकं. त्यानुसार कोणते धातू आणि कोणती द्रावकं तपासायची ते प्रयोगशाळेला लेखी सांगा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय आणि प्रयोगशाळा इथून सुरुवात करता येते. द्रावकांची तपासणी तिथे होत नसेल तर कुठे होते ते विचारून घ्या.

तिसरी, वही घाला. तारीख, पाण्याची पातळी किती फुटांवर, रंग, वास, जनावराने तोंड लावलं की नाही, कारखान्याच्या नाल्याला त्या दिवशी कसलं पाणी होतं, मोबाइलमधला फोटो. उद्या तपास झालाच, तर अधिकारी आधी हेच विचारतील: कधीपासून? ग्रामसभेत ठराव करून ती माहिती जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि प्रदूषण मंडळाकडे पाठवा, पोच घ्या, आणि संशयित जागांच्या पुढच्या सहामाही यादीत आपलं नाव आहे का ते विचारा.

आणि नमुना स्वतः घ्यायची वेळ आली, तर शीतपेयाची जुनी बाटली चालणार नाही. प्रयोगशाळेने दिलेलीच बाटली घ्या, पंप काही मिनिटं चालू ठेवून साचलेलं पाणी जाऊ द्या, द्रावकांसाठीची काचेची बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावून उलटी करून बघा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.